रिळावरचा आकडा काय सांगतो?

तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी, अनेर... दोस्तांनो, आपल्या खान्देशातल्या नद्या मोजायला एका हाताची बोटं पुरायची नाहीत! नदी आली की मासे आले आणि मासे आले की गळही आलाच. बांबूची काठी, चार-सहा हात तंगूस, टोकाला गळ, गळाला गांडूळ आणि पाण्यावर तरंगणारा थर्माकोलचा तुकडा. एवढ्याशा सामानावर कित्येकांच्या मामा-काकांनी अख्ख्या सुट्ट्या काढल्या असतील.

पण कधी कधी काठावर एखादा दादा वेगळंच हत्यार घेऊन उभा असतो. काठी आखूड आणि चिवट. मुठीच्या वरच्या बाजूला मूठभर आकाराचं चकचकीत रीळ. अंगठ्याने कळ दाबायची, काठी झटकायची, की सूंऽऽ करून आमिष वीस-पंचवीस मीटरवर! मग हँडल फिरवत दोरा परत गुंडाळायचा. याला म्हणतात बेटकास्टिंग रीळ. अमेरिकेत ‘बास’ नावाचा मासा पकडणाऱ्यांचं हे लाडकं रीळ.

तुमच्यापैकी काहींनी तर अशा रिळासाठी भाऊबीजेचे, वाढदिवसाचे पैसे साठवायला सुरुवातही केली असेल. पण दुकानात गेलात की खोक्यांवर आकडे दिसतात. एकावर 5.4:1, दुसऱ्यावर 6.3:1, तिसऱ्यावर 8.1:1. दुकानदार विचारतो, “बोला भाऊ, कोणतं देऊ?” आणि आपण छाती फुगवून सांगतो, “सगळ्यात मोठ्या आकड्याचं द्या!”

थांबा, थांबा! मोठा आकडा म्हणजे भारी रीळ, असं मुळीच नाही. तो आकडा रिळाचे मार्क नाहीत. तो एका सौद्याचा भाव आहे. कसला सौदा? त्यासाठी आधी एक गंमत करून बघू.

सायकल उलटी करा

घरातली साधी, बिनगिअरची सायकल अंगणात आणा आणि सीट-हँडलवर उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ खडूने खूण करा. आता पायडल हाताने हळूहळू बरोबर एक फेरा फिरवा आणि खूण किती वेळा फिरली ते मोजा. एकदा? छे! दोनदा फिरून पुढेही गेली असेल.

असं का झालं? पुढच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा आणि भागाकार करा. समजा पुढे 44 आणि मागे 18 दाते आहेत. 44 भागिले 18 म्हणजे जवळजवळ 2.44. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे 2.44 फेरे. हाच झाला गिअर रेशो, 2.44:1.

ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे त्यांना पुढची गोष्ट पायांनाच ठाऊक असते. मागचं दातेरी चक्र लहान घेतलं की सायकल सुसाट पळते. पण चढ लागला किंवा समोरून वारा आला की मांड्या भरून येतात. चक्र मोठं घेतलं की चढ सोपा होतो. पण सपाटीवर पाय नुसते गरागरा फिरतात, सायकल काही पुढे सरकत नाही. वेग घ्या नाहीतर जोर घ्या. दोन्ही एकदम फुकटात मिळत नाहीत!

रिळातही अगदी हेच. हँडलला एक मोठं दातेरी चक्र जोडलेलं असतं. ते एका लहान चक्राला फिरवतं आणि लहान चक्र स्पूलला, म्हणजे ज्यावर दोरा गुंडाळतात त्या गोल भागाला. 6.3:1 म्हणजे हँडलचा एक फेरा, स्पूलचे 6.3 फेरे. बस्स, एवढंच!

घड्याळजी आणि सायकलवाले

मासे पकडायच्या साधनात हे दाते कोणी घुसवले असतील? केंटकी हे अमेरिकेतलं एक राज्य. तिथे पॅरिस नावाचं छोटं गाव आहे (फ्रान्सचं पॅरिस नव्हे बरं का!). 19व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जॉर्ज स्नायडर नावाचे घड्याळजी राहत. त्यांना मासेमारीचा नाद होता. घड्याळातल्या दातेरी चक्रांची विद्या वापरून त्यांनी बाससाठी भरभर फिरणारं रीळ बनवलं. अशी रिळं पुढे ‘केंटकी रिळं’ म्हणून प्रसिद्ध झाली.

पुढची गंमत ऐका. 1921 साली स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावात खिशातली घड्याळं बनवणारा एक कारखाना निघाला. त्याचं नाव ‘आबू’. नावातच ‘घड्याळाचा कारखाना’ असा अर्थ दडलेला! पुढे हा कारखाना रिळांकडे वळला आणि 1952 मध्ये आलेलं त्याचं ‘अँबॅसडर’ रीळ जगभर गाजलं. त्याच 1921 साली जपानमधल्या साकाई शहरात शोझाबुरो शिमानो यांनी कारखाना काढला. त्यांचा पहिला माल होता सायकलचं फ्रीव्हील. 1970 पासून याच कंपनीने मासेमारीचं सामानही बनवायला घेतलं. म्हणजे अंगणात सायकल उलटी करून तुम्ही केलात, तोच हिशेब करणारे लोक रिळांकडे वळले!

चला, हिशेब करू

वही-पेन्सिल घ्या. समजा दोऱ्याने भरलेल्या स्पूलचा व्यास 34 मिलिमीटर आहे. त्याचा परीघ किती? 3.14 गुणिले 34, म्हणजे सुमारे 107 मिलिमीटर. स्पूलच्या एका फेऱ्यात एवढा दोरा आत येतो. आता त्याला रिळावरच्या आकड्याने गुणा. हँडलच्या एका फेऱ्यात 5.4:1 चं रीळ सुमारे 58 सेंटिमीटर, 6.3:1 चं सुमारे 67 सेंटिमीटर आणि 8.1:1 चं सुमारे 87 सेंटिमीटर दोरा आत घेईल.

“मग 8.1 च भारी ना!” असं म्हणण्याआधी दुसरी बाजू बघा. हँडलची लांबी मधल्या खिळ्यापासून मुठीपर्यंत 45 मिलिमीटर धरू आणि आतलं घर्षण सोडून देऊ. दोऱ्याला 1 किलो वजनाइतका ताण आहे. हँडलवर किती जोर लावावा लागेल? 5.4 ला सुमारे 2 किलो, 6.3 ला 2.4 किलो आणि 8.1 ला तब्बल 3 किलोंच्या वर! एकदा ओढायचं असेल तर तुम्ही हसत ओढाल. पण सकाळपासून दुपारपर्यंत दोन-तीनशे वेळा ओढून बघा. मनगट संध्याकाळी पोळीचा तुकडाही मोडू देणार नाही.

आणखी एक मेख आहे. आमिष लांब फेकलं की स्पूलवरचा दोरा कमी होतो, त्याचा व्यास घटतो. 34 चा 28 मिलिमीटर झाला, की तेच 6.3 चं रीळ एका फेऱ्यात 67 ऐवजी 55 सेंटिमीटरच दोरा आत घेतं. म्हणून नुसता गिअर रेशो बघून भागत नाही. कंपन्या बहुधा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एका फेऱ्यात किती सेंटिमीटर’ हेही छापतात. तो आकडा जास्त कामाचा.

बास नाही? मरळ आहे की!

आता तुम्ही म्हणाल, “पण आमच्या तापीत बास कुठे आहे?” बरोबर! बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. आणि तो आपल्याकडे नाही हेच बरं. जपानमध्ये 1925 साली तो मुद्दाम आणून सोडला आणि पुढे त्याने तिथल्या तळ्यांमधले मूळचे लहान मासे फस्त करायचा सपाटा लावला.

पण बासच्या तोडीस तोड गडी आपल्याकडे आधीपासूनच आहे. ती म्हणजे मरळ! सापासारखं डोकं, लांबट अंग, तोंडात धारदार दात. उथळ, संथ पाण्यात, शेवाळात, जलपर्णीखाली ती दबा धरून बसते. बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप! मरळीची आणखी एक खासियत म्हणजे ती कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेते. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेते, तेव्हा पाण्यावर ‘बुळुक’ असा आवाज होतो आणि ती कुठे बसलीय याचा पत्ता लागतो. बाजारात ओल्या पाटीतही ती जिवंत दिसते, ती याचमुळे. दबा धरणं, झडप घालणं, गवतात लपणं या सवयी बाससारख्याच. म्हणून बासचं रीळ मरळीलाही चालतं.

कोणत्या कामाला कोणता आकडा?

सावकाश रीळ, म्हणजे 5 ते 5.5 च्या आसपास : काही नकली माशांना पुढे पसरट जीभ असते. ओढलं की पाणी त्या जिभेवर दाबतं आणि मासा खोल बुडी मारतो. त्याला ओढताना पाण्याचा जोर हाताला चांगलाच जाणवतो. मोठ्या धरणाच्या खोल पाण्यात असं आमिष दिवसभर ओढायचं असेल, तर चढावरच्या सायकलसारखा लहान आकडा हवा.

मधलं रीळ, म्हणजे 6 ते 6.8 : गरगर फिरणाऱ्या चमच्याचं आमिष, उथळ चालणारा नकली मासा, असं सगळं थोडं थोडं करायचं असेल तर हे रीळ. थोडं हळू हवं असेल तर हात हळू चालवा, थोडं जलद हवं असेल तर भरभर फिरवा. पहिलंच रीळ घेणाऱ्याने डोळे मिटून हेच घ्यावं.

जलद रीळ, म्हणजे 7 च्या पुढे : हे मरळीचं खास. मऊ रबरी बेडूक जलपर्णीवर टाकायचा आणि काठीच्या टोकाने टुणूक टुणूक नाचवायचा. या खेळात बेडूक काठीने चालतो, रिळाने नाही. रिळाचं काम फक्त सैल पडलेला दोरा चटकन गोळा करण्याचं. मरळीने झडप घातली की दोरा ताठ हवा. नाहीतर ती गवताच्या बुडाशी घुसते आणि तुम्ही अर्धा किलो शेवाळ घेऊन घरी येता!

“पण जलद रिळाला जोर कमी, मग एवढी मरळ ओढणार कशी?” शाबास, हा प्रश्न पडायलाच हवा. मासा रिळाने ओढायचा नसतोच. काठी वर उचलून मासा जवळ आणायचा आणि काठी खाली नेता नेता सैल झालेला दोरा गुंडाळायचा. उचल, गुंडाळ. उचल, गुंडाळ. जोर खांद्याचा आणि काठीचा, वेग रिळाचा.

आणि रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी? त्यांना या नकली बेडकांचं, चमच्यांचं काही कौतुक नाही. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा लावून वाट बघत बसायचं. तिथे बेटकास्टिंग रिळावर पैसे घालवायचं कारणच नाही. साधं स्पिनिंग रीळ किंवा मामांची बांबूची काठीसुद्धा झकास चालते. गांडुळावर येणाऱ्या वाम, शिंगाळ्याचंही तसंच.

चक्री आणि अंगठा

संक्रांतीला पतंग उडवताना तुम्ही चक्री धरली असेलच. पतंगाने एकदम ढील मागितली की चक्री भन्नाट फिरते. मग पतंग थबकतो, पण चक्री फिरतच राहते. झाला मांज्याचा गुंता! बेटकास्टिंग रिळाची खोड हीच. फेकताना आमिष दोरा ओढतं आणि स्पूल फिरतं. हवेत आमिषाचा वेग कमी होतो, पण स्पूलचा होत नाही. जास्तीचा दोरा सुटतो आणि असा गुंता होतो, की सोडवता सोडवता सूर्य मावळतो. (स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल फिरतच नाही, दोरा वेढ्यावेढ्याने पुढून सुटतो. म्हणून नवशिक्याला ते सोपं.)

उपाय दोन. पहिला तुमचा अंगठा. आमिष पाण्यावर टेकण्याच्या क्षणी स्पूलवर अंगठा टेकवायचा. दुसरा रिळातला ब्रेक. काही रिळांत लहान ठोकळे असतात. स्पूल जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात. काही रिळांत चुंबक असतात. आता स्पूल तर बहुधा अॅल्युमिनियमचं, त्याला चुंबक चिकटत नाही, मग ब्रेक कसा लागतो? चुंबकाजवळ धातू फिरला की धातूत वीज भोवऱ्यासारखी गोल गोल वाहू लागते आणि ती त्या फिरण्यालाच अडवते. खात्री करायची असेल तर अॅल्युमिनियमची जाड नळी उभी धरा आणि तीतून आधी खडा आणि मग ताकदवान चुंबक सोडा. चुंबक कसा तरंगत तरंगत उतरतो ते बघाच!

हँडलजवळ चांदणीच्या आकाराचं एक चाकही असतं. त्याला ड्रॅग म्हणतात. माशाने ठरावीक ताणापेक्षा जास्त जोर लावला की ड्रॅग घसरतो आणि दोरा तुटण्याऐवजी सुटतो. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर तो घसरेल असं ठेवतात. म्हणजे 6 किलोच्या दोऱ्याला दीड ते दोन किलो. घरातल्या ताणकाट्याला दोरा बांधून मोजता येतं.

पैसे देण्यापूर्वी एवढं बघा : रीळ आपल्या मुठीत मावतं का, अंगठा स्पूलवर सहज पोचतो का, हँडल आपल्याला हव्या त्या हाताच्या बाजूला आहे का (नंतर बाजू बदलता येत नाही), आणि फिरवताना आत खरखर तर होत नाही ना. आकडा यानंतर बघायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

जलद रीळ, बेडूक, झडप हे सगळं जमलं, की एक मोह होतो. पावसाळ्याच्या सुमारास पाण्यावर कधी लालसर-नारिंगी रंगाच्या इवल्या पिल्लांचा झुबका वर-खाली होताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. त्यांच्याखाली आई-बाप पहारा देत असतात. तिथे बेडूक टाकला तर मरळ हमखास झडप घालते. भुकेने नव्हे, पिल्लांवरचं संकट हाकलायला! अशी मरळ पकडली की पहारा उठतो आणि बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. एक मासा हाती येतो आणि शेकडो जातात. म्हणून झुबका दिसला की तिथे गळ टाकायचा नाही. खरा शिकारी तोच, ज्याला न फेकणंही जमतं.

आणखी चार गोष्टी. धरणं आणि तलावांमधली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तो त्यांच्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे. म्हणून आधी तिथल्या काकांना विचारा, परवानगी असेल तरच गळ टाका. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात; संक्रांतीचा नायलॉन मांजा जे करतो तेच पाण्याकाठचा तंगूस त्यांच्या पायांना करतो. वाघूर धरणाचं पाणी जळगावकर पितात, तेव्हा तिथे कचरा नको. आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचं पात्र बघता बघता फुगतं. भोंगा ऐकू आला की सामान गेलं तरी चालेल, आपण आधी वर यायचं. बरोबर मोठं माणूस हवंच, हे वेगळं सांगायला नको!

जाता जाता एक कोडं

दुकानात दोन रिळं आहेत. पहिलं 7.1:1 चं, भरलेल्या स्पूलचा व्यास 30 मिलिमीटर. दुसरं 6.3:1 चं, व्यास 36 मिलिमीटर. हँडलच्या एका फेऱ्यात जास्त दोरा कोणतं रीळ आत घेईल? आधी स्वतः हिशेब करा, मगच खाली बघा.

(उत्तर : पहिलं सुमारे 67 सेंटिमीटर, दुसरं सुमारे 71 सेंटिमीटर. लहान आकड्याच्या रिळाने बाजी मारली! आता दुकानदाराने विचारलं, “बोला भाऊ, कोणतं देऊ?” तर आधी त्यालाच विचारा, “स्पूल केवढं आहे?”)